खांद्याला गोळी लागते तेव्हा: युद्धातल्या जखमा आणि त्यांची शस्त्रक्रिया

जुलै १९९९, कारगिलमधलं टायगर हिल. १८ ग्रेनेडिअर्सचे योगेंद्रसिंह यादव यांच्या परमवीर चक्राच्या मानपत्रात नोंद आहे, की जांघेत आणि खांद्यात मिळून तीन गोळ्या लागल्यावरही ते उरलेला ६० फुटांचा कडा चढून गेले. त्यांच्या धैर्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे आणि ते योग्यच आहे. सर्जनला मात्र त्या ओळीत आणखी एक गोष्ट दिसते: जांघ आणि खांदा, या दोन्ही जागा अशा आहेत की तिथे नेहमीचं टूर्निकेट, म्हणजे रक्त थांबवण्यासाठी आवळायचा पट्टा, बांधता येत नाही.

दंडाला किंवा मांडीला गोळी लागली तर जखमेच्या वर पट्टा आवळून रक्त थांबवता येतं. खांद्यात मोठी धमनी फुटली तर ‘जखमेच्या वर’ बांधायला हातच उरलेला नसतो, तिथे छाती सुरू होते. बुलेटप्रूफ जाकीट छाती-पाठ झाकतं, पण हात हलवता यावा म्हणून काखेचा भाग त्याला मोकळाच ठेवावा लागतो. इराकच्या युद्धात अमेरिकन सैन्याने दंड आणि काख झाकणारे जादा तुकडे जाकिटाला जोडले. त्यांनी संरक्षण वाढलं, पण वजन आणि उकाडाही वाढला, आणि बंदूक खांद्याला लावताना अडचण होऊ लागली. ही अडचण आजही पूर्ण सुटलेली नाही.

खांद्यात नेमकं काय काय असतं

खांदा हा उखळीचा सांधा, पण त्याची उखळी फार उथळ. पसरट बशीवर लिंबू ठेवावं तसं दंडाच्या हाडाचं गोल डोकं तिच्यावर टेकलेलं असतं. ते जागेवर राहतं ते भोवतीच्या चार लहान स्नायूंच्या वेढ्यामुळे, म्हणजे रोटेटर कफमुळे. त्यावर बाहेरून डेल्टॉइड हा जाड स्नायू, जो हात बाजूला आणि वर उचलतो. मागे पाठीवर स्कॅप्युला हे त्रिकोणी चपटं हाड, पुढे आडवी कॉलर बोन.

खरा ऐवज आहे काखेत. मानेतून निघालेले पाच मज्जातंतू (वैद्यकीय क्रमांक C५ ते T१) कॉलर बोनच्या मागून येताना एकमेकांत गुंफले जातात. ही गुंफण म्हणजे ब्रेकियल प्लेक्सस. हाताला रक्त पुरवणाऱ्या ॲक्सिलरी धमनीभोवती ती अक्षरशः लपेटलेली असते आणि शेजारून मोठी शीर जाते. या तिन्ही गोष्टी एकाच आवरणात असल्यामुळे एक गोळी तिन्ही फाडू शकते. आतल्या बाजूला फुप्फुसाचं टोक कॉलर बोनच्याही वर आलेलं असतं.

म्हणून खांद्याला पडलेलं छिद्र पाहून जखम खांद्याचीच आहे असं कधीही धरू नये. २१ ऑक्टोबर १८०५ रोजी ट्रफाल्गरच्या लढाईत ब्रिटिश ॲडमिरल नेल्सनच्या डाव्या खांद्यात मस्केटची, म्हणजे जुन्या लांब बंदुकीची गोळी वरून शिरली. शवविच्छेदनात दिसलेला तिचा मार्ग असा: खांद्याचं टोक, बरगड्या, डावं फुप्फुस, पाठीचा कणा, आणि शेवटी पाठीच्या उजव्या बाजूचे स्नायू. नेल्सन सुमारे तीन तास जगला. आजही खांद्याच्या प्रत्येक जखमेत शिरण्याचं छिद्र कुठे, बाहेर पडण्याचं कुठे, आणि दुसरं सापडत नसेल तर गोळी कुठे अडकली, हे एक्स-रेवर शोधणं सक्तीचं आहे. छाती, पाठ आणि दुसरी काखसुद्धा कपडे कापून तपासतात.

गोळी काय करते

नऊ मिलिमीटरच्या पिस्तुलाची गोळी साधारण ५०० ज्यूल ऊर्जा घेऊन येते. एके-४७ची सुमारे ८ ग्रॅमची गोळी सेकंदाला ७१५ मीटर वेगाने निघते, तेव्हा तिच्यात जवळपास २,००० ज्यूल असतात. पण चौपट ऊर्जा म्हणजे चौपट जखम, असं गणित होत नाही. एके-४७ची मूळची पोलादी गाभ्याची गोळी मऊ मांसातून साधारण २५ सेंटीमीटर सरळ जाते आणि मग आडवी फिरते. खांद्याची जाडी त्याहून कमी. हाडाला न लागता ती डेल्टॉइडमधून आरपार गेली, तर जखम आश्चर्य वाटावं इतकी साधी असू शकते. तीच गोळी दंडाच्या डोक्यावर आदळली तर हाडाचे दहा-वीस तुकडे होतात आणि तो प्रत्येक तुकडा आतल्या आत छऱ्यासारखा उडतो. त्यामुळे सर्जनने बंदुकीचं नाव ऐकून नाही, समोरची जखम बघून ठरवावं.

स्फोटाची जखम वेगळी. सुरुंग, तोफगोळा किंवा ड्रोनमधून टाकलेला बॉम्ब यांचे तुकडे वेडेवाकडे असतात. ते स्वतःबरोबर माती, कपड्याचे धागे, चामडं आत नेतात. झटक्याने हात ताणला गेला तर मज्जातंतू मुळापासून, थेट पाठीच्या कण्यातून उपटले जातात. त्याच बाजूची पापणी किंचित खाली आलेली आणि बाहुली लहान दिसली, तर खालची मुळं उपटली गेल्याचा तो मोठा संशय. हे चिन्ह पहिल्याच दिवशी कागदावर लिहून ठेवलं पाहिजे, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर टेकलेले असतात.

पहिली दहा मिनिटं

टूर्निकेट चालत नाही, मग काय करायचं? जखमेत गॉझ भरायचं. वरून ठेवायचं नाही, आत भरायचं. रक्त जिथून येतंय तिथपर्यंत बोट न्यायचं आणि त्याच बोटावरून गॉझ थोडं थोडं सरकवत पोकळी गच्च भरायची. मग दोन्ही हातांनी, शरीराचा भार टाकून दाबायचं. केओलिन लावलेलं रक्त गोठवणारं गॉझ असेल तर किमान तीन मिनिटं दाब न सोडता. साधं असेल तर त्याहून बराच जास्त वेळ. सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे दर अर्ध्या मिनिटाला हात उचलून ‘थांबलं का’ ते बघणं. नुकती धरू लागलेली गुठळी त्याने सुटते. काखेच्या अरुंद, खोल छिद्रांसाठी पिचकारीतून दाबलेल्या स्पंजच्या चकत्या आत सोडायचं साधनही आता आहे. रक्त लागताच त्या काही सेकंदांत फुगून आतून दाब देतात. प्रत्येक चकतीवर एक्स-रेमध्ये दिसणारी खूण असते, कारण नंतर त्या मोजून बाहेर काढाव्या लागतात.

दाबून झाल्यावर हात शरीराला घट्ट बांधतात. ट्रानेक्सॅमिक ॲसिड हे गुठळी टिकवून धरणारं औषध २ ग्रॅम शिरेतून, आणि तेही जखमेपासून तीन तासांच्या आत. उशिरा दिलं तर फायदा संपतो आणि नुकसानच व्हायची भीती असते. सलाइनच्या बाटल्या ओतण्यापेक्षा शक्य तितक्या लवकर रक्त चढवणं बरं, कारण सलाइनने रक्त पातळ होतं, गोठत नाही, आणि अंग गार पडतं. जखमीला ऊब देणं हाही रक्त थांबवण्याच्या उपचाराचाच भाग आहे. श्वास वाढत असेल आणि त्या बाजूला हवेचा आवाज येत नसेल, तर छातीत हवा कोंडली आहे असं समजून आधी ती सोडवायची. खांदा थांबू शकतो, श्वास नाही.

रक्तवाहिनी

दुसऱ्या महायुद्धात फाटलेली धमनी बहुतेक वेळा बांधून टाकत. अमेरिकन सैन्याच्या २,४७१ धमनी-जखमांच्या नोंदींत सुमारे ४० टक्के हात-पाय नंतर कापावे लागले. कोरियाच्या युद्धात फिरत्या रुग्णालयांतच धमनी शिवायला सुरुवात झाली आणि हे प्रमाण १३ टक्क्यांवर आलं. युद्धातल्या शस्त्रक्रियेच्या इतिहासात इतका मोठा फरक पाडणाऱ्या गोष्टी थोड्या आहेत.

खांद्याच्या बाबतीत एक फसवणूक कायम होते. स्कॅप्युलाभोवती लहान रक्तवाहिन्यांचं दाट जाळं आहे. मुख्य धमनी तुटली तरी त्या जाळ्यातून थोडं रक्त हातात पोचतं आणि मनगटाची नाडी लागते. नाडी लागली म्हणून धमनी शाबूत, असं मानणं धोक्याचं. दोन्ही हातांचा रक्तदाब घेऊन जखमी हाताच्या आकड्याला चांगल्या हाताच्या आकड्याने भागायचं. उत्तर ०.९ पेक्षा कमी आलं तर धमनीची तपासणी, म्हणजे सीटी अँजिओग्राफी. फवाऱ्यासारखं रक्त, झपाट्याने वाढणारी सूज किंवा गार, पांढरा हात दिसला तर तपासणीसाठीही थांबायचं नाही, थेट शस्त्रक्रिया.

शस्त्रक्रियेचा पहिला नियम: फुगलेल्या जागी आधी चाकू लावायचा नाही. आत साचलेलं रक्तच धमनीवर दाब देत असतं. तो दाब सुटला की समोर नुसतं रक्त दिसतं आणि आंधळेपणाने लावलेला चिमटा शेजारचे मज्जातंतू चिरडतो. म्हणून आधी वरच्या बाजूला, कॉलर बोनच्या खालून समांतर छेद घेऊन, छातीचा मोठा स्नायू फाकवून आणि त्याखालचा लहान स्नायू कापून, धमनीचा निरोगी भाग पट्ट्यात पकडतात. जखम आणखी आत असेल तर कॉलर बोनच्या वरून, आणि त्याहूनही आत असेल तर छाती उघडून: उजवीकडे छातीच्या मधल्या हाडातून, डावीकडे बरगड्यांच्या मधून. तोवर रक्त थांबत नसेल तर गोळीच्या मार्गात लघवीची फोली नळी सरकवून तिचा फुगा भरतात. साधा उपाय आहे, पण त्याने अनेकदा वेळ मिळतो.

रक्ताशिवाय हाताचे स्नायू साधारण सहा तास तग धरतात. वेळ संपत आला असेल, किंवा जखमीला पुढच्या रुग्णालयात हलवायचं असेल, तर तुटलेल्या दोन टोकांत प्लॅस्टिकची नळी बसवून रक्त सुरू करतात. हा शंट. त्यानंतर हाड सरळ करून पक्कं धरायचं, आणि मगच मांडीतली शीर काढून धमनीत कायमची जोडायची. हा क्रम उलटला तर हाड ओढून बसवताना नुकताच घातलेला टाका तुटतो. शिरेत रक्त एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या झडपा असतात, म्हणून ती उलटी करून बसवतात. घाणेरड्या जखमेत कृत्रिम नळी टाळतात, तिला जंतू चिकटले तर जोड सुटून पुन्हा रक्तस्राव होतो. हात बराच वेळ रक्ताविना राहिला असेल तर रक्त सुरू झाल्यावर कोपराखालचे स्नायू सुजतात आणि त्यांच्या आवरणात घुसमटून मरतात. ते आवरण त्याच वेळी लांब छेद देऊन मोकळं करावं लागतं. ‘उद्या बघू’ म्हणत ते टाळलं की हात जिवंत राहतो, पण बोटं कायमची आखडतात.

जखम साफ करणं

बाहेरून बघणाऱ्याला हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण जखमीचं पुढचं वर्ष इथेच ठरतं. छिद्र हाताच्या लांबीच्या दिशेने वाढवतात. त्वचा जपतात, फक्त चेंदलेली कड एक-दोन मिलिमीटर काढतात. स्नायू जिवंत की मेलेला हे चार खुणांवरून: रंग लाल आहे का, चिमट्यात घट्ट लागतो का, डिवचल्यावर आकुंचन पावतो का, कापल्यावर रक्त येतं का. नाही, तर काढायचा. मेलेल्या स्नायूत हवा पोचत नाही आणि मातीतल्या क्लॉस्ट्रिडियम या जंतूला नेमकं तेच हवं असतं. त्यातूनच गॅस गँगरीन, म्हणजे मांस झपाट्याने सडवणारा संसर्ग होतो. हाडाचे सुटे तुकडे टाकतात, स्नायूला चिकटलेले ठेवतात. तुटलेला मज्जातंतू छाटत नाहीत. टोकाला रंगीत टाका घालून शेजारच्या स्नायूला अडकवतात, म्हणजे तो आखडत नाही आणि पुढे सापडतो. मग ३ ते ९ लीटर सलाइनने, जोराच्या फवाऱ्याने नाही तर बाटली उंच टांगून, जखम धुतात.

आणि मग जखम उघडी ठेवतात. घरच्यांना हे बघवत नाही, आणि नवख्या डॉक्टरचाही हात टाक्याकडे जातो. पण युद्धातली जखम पहिल्या दिवशी शिवणं म्हणजे पू आत कोंडणं, हे पहिल्या महायुद्धात हजारो जीव देऊन शिकलेलं आहे. सांध्याचं आतलं आवरण तेवढं शक्य असेल तर मिटवतात, कारण कूर्चा उघडी पडली की वाळून मरते. बाकी सैल, मऊ गॉझ. बुचासारखं ठासून भरलं तर स्राव बाहेरच येत नाही. दोन-तीन दिवसांनी पुन्हा बघतात, आणि स्वच्छ असेल तर चार ते सात दिवसांत शिवतात.

‘गोळी काढली का?’ हा नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो. स्नायूत शांत बसलेली गोळी बहुधा तशीच ठेवतात. ती शोधताना जास्त नुकसान होतं. पण गोळी सांध्याच्या आत असेल तर काढलीच पाहिजे. सांध्यातल्या द्रवात शिसं हळूहळू विरघळतं, सांधा झिजतो आणि शिसं रक्तात जाऊन विषबाधा होऊ शकते, कधी कधी बऱ्याच वर्षांनी.

हाड आणि सांधा

अमेरिकेच्या यादवी युद्धात दंडाचं वरचं हाड फुटलं की बहुधा हात कापत किंवा फुटलेलं टोक काढून टाकत. जनरल स्टोनवॉल जॅक्सनचा डावा हात मे १८६३ मध्ये खांद्याच्या जरा खाली कापला आणि आठ दिवसांनी तो न्यूमोनियाने गेला. जंतूंची कल्पनाच नव्हती, तेव्हा तो निर्णय चूक म्हणता येत नाही.

आज सुरुवातीला हाड फक्त धरून ठेवतात. बऱ्याचदा हात छातीला बांधणं पुरतं. मोठी जखम असेल तर बाहेरून सळ्यांची चौकट, एक्स्टर्नल फिक्सेटर. सळ्या दंडात आणि स्कॅप्युलाच्या मागच्या आडव्या उंचवट्यात घालतात. इथे जागा चुकवून चालत नाही: डेल्टॉइड चालवणारा ॲक्सिलरी मज्जातंतू खांद्याच्या टोकापासून ५ ते ७ सेंटीमीटर खाली हाडाला वळसा घालून जातो. सळी आंधळेपणाने तिथे गेली तर गोळीने वाचवलेला स्नायू उपचाराने मरतो.

जखम भरून जंतुसंसर्ग नाही याची खात्री झाली की कायमचा उपाय. तुकडे जुळत असतील तर प्लेट आणि स्क्रू. दंडाच्या हाडाच्या डोक्याचा चुराच झाला असेल तर प्रतिजैविक मिसळलेल्या सिमेंटचा गोळा काही आठवडे बसवून जागा राखतात आणि नंतर कृत्रिम सांधा घालतात. रोटेटर कफ गेला असेल तर उलटा सांधा उपयोगी पडतो, ज्यात गोळा उखळीच्या जागी आणि वाटी दंडावर असते. फ्रान्समध्ये पॉल ग्रामाँ यांनी १९८५ मध्ये तो पुढे आणला. पण तो पूर्णपणे डेल्टॉइडवर चालतो. डेल्टॉइड मेलेला असेल तर उत्तम सांधाही निरुपयोगी. शिवाय तो वयस्क माणसांसाठी घडवलेला आहे. पंचविशीतल्या, ओझी उचलणाऱ्या जवानात तो किती वर्षं टिकेल ही काळजी खरी आहे.

अशा वेळी सांधा कायमचा जोडून टाकणं, म्हणजे फ्यूजन, हा जुना उपाय अजूनही चांगला आहे. दंड शरीरापासून २० ते ३० अंश बाहेर, तेवढाच पुढे, आणि थोडा आत वळवून पक्का करतात. मोजमापापेक्षा महत्त्वाची परीक्षा ही, की कोपर वाकवल्यावर हात तोंडाशी पोचला पाहिजे. नंतर स्कॅप्युला छातीवर सरकते त्या हालचालीवर हात उचलला जातो. त्यासाठी ती सरकवणारे स्नायू जिवंत हवेत, नाहीतर फ्यूजन करण्यात अर्थ नाही.

वरचं मांस उडालं असेल तर पाठीचा लॅटिसिमस डॉर्साय हा रुंद स्नायू त्याच्या रक्तवाहिनीसकट फिरवून खांद्यावर आणतात. मात्र ती रक्तवाहिनी ॲक्सिलरी धमनीतूनच निघते. धमनीला इजा होती तर ती शाखा चालू आहे का, हे आधी तपासावं लागतं. स्फोटाच्या जखमांत कधी स्नायूतच नवं हाड तयार होतं आणि सांधा जखडतो. ते हाड पिकण्याआधी काढायची घाई केली तर रक्तस्राव जास्त होतो आणि ते पुन्हा वाढण्याचा धोकाही असतो.

मज्जातंतू, म्हणजे खरा निकाल

हाड जुळतं, धमनी शिवता येते. हात पुन्हा हात होणार का, हे मज्जातंतू ठरवतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश सर्जन हर्बर्ट सेडन यांनी इजेचे तीन प्रकार मांडले: नुसता धक्का, आतले धागे तुटले पण नळी शाबूत, आणि पूर्ण तुटलेला. गोळीच्या इजेत मज्जातंतू पुष्कळदा सलग असतो, फक्त धक्क्याने बंद पडलेला. म्हणून धमनीचं काम नसेल तर लगेच उघडत नाहीत. तीन-चार आठवड्यांनी ईएमजी, म्हणजे स्नायूंतल्या विद्युत संकेतांची तपासणी, मग तीन महिने सुधारणेची वाट, आणि काहीच हललं नाही तर तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान शस्त्रक्रिया.

याला एक अपवाद आहे. पहिल्या दिवशी बोटं हलत होती आणि नंतर हळूहळू बंद पडली, दुखणं वाढलं, तर आवरणात रक्त साचून मज्जातंतू दाबले जात आहेत. ही तातडीची शस्त्रक्रिया आहे. ‘मज्जातंतू आहे, तीन महिने बघू’ हे उत्तर इथे चुकीचं.

घड्याळ मात्र चालू असतं. मज्जातंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो, आणि चेतना न मिळालेला स्नायू बारा ते अठरा महिन्यांत कायमचा निकामी होतो. काखेपासून डेल्टॉइड जवळ, म्हणून तो परत येऊ शकतो. पंजा ६०-७० सेंटीमीटर लांब, तिथे मज्जातंतू पोचेपर्यंत स्नायू उरतच नाही. यावर उपाय म्हणजे जवळच्या चालू मज्जातंतूचा काही भाग उसना घेणं. पंजाकडे जाणाऱ्या अल्नर मज्जातंतूतला एक धागा कोपर वाकवणाऱ्या बायसेप्सला, ट्रायसेप्सची एक शाखा डेल्टॉइडला, मानेतला ॲक्सेसरी मज्जातंतू रोटेटर कफला. आधी कोपर, मग खांदा हा अग्रक्रम, कारण हात तोंडापर्यंत नेता येणं जगण्यासाठी सगळ्यात गरजेचं आहे.

हात वाचलाच नाही, तर खांद्यातून काढावा लागतो. त्यानंतरचा कृत्रिम हात जड असतो, त्याला कोपर, मनगट आणि पंजा हे सगळं चालवावं लागतं, आणि बरेच जण तो वापरणं सोडून देतात. उरलेले मज्जातंतू छातीच्या स्नायूंना जोडून, तिथल्या विद्युत संकेतांवर हात चालवण्याची शस्त्रक्रिया गेल्या दोन दशकांत पुढे आली आहे. पुण्याचं आर्टिफिशिअल लिंब सेंटर १९४४ पासून जखमी सैनिकांना कृत्रिम अवयव देत आहे. तिथे बसवण्याइतकंच महत्त्व तो वापरायला शिकण्याला असतं.

हात वाचला असेल तर मज्जातंतू परत येईपर्यंतचे महिने घरच्यांच्या हातात असतात. हात नुसता गळ्यात अडकवून ठेवला तर सहा आठवड्यांत खांदा आणि बोटं जखडतात. जखम भरून सर्जनने परवानगी दिली की दिवसातून तीन-चार वेळा, चांगल्या हाताने किंवा दुसऱ्याच्या मदतीने, प्रत्येक बोट पूर्ण मिटवणं-उघडणं, मनगट, कोपर, आणि दंड बाहेर फिरवणं. डेल्टॉइड लुळा असेल तर उभं राहताना झोळी हवीच, नाहीतर हाताच्या वजनाने सांधा खाली ओघळतो. संवेदना गेलेल्या त्वचेला चटका कळत नाही, म्हणून त्या हाताने चहाचा पेला धरायचा नाही, शेकायची पिशवी लावायची नाही, आणि रोज रात्री उजेडात बोटांवर फोड किंवा जखम आहे का ते बघायचं.